चहा आणि ४६ टक्के

"रोज दोन कप चहा, अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका ४६ टक्क्यांनी कमी!" आकडा खरा आहे, २००५ च्या स्वीडिश अभ्यासातला. पण पुढचं कुणी सांगत नाही. ६१,०५७ बायका, सुमारे १५ वर्षं, कॅन्सर ३०१ जणींना. म्हणजे हजारात पाच! आणि तो चहामुळेच टळला, हे त्यातून सिद्ध होत नाहीच.

जुन्नर-आंबेगावात टोमॅटो तोडणाऱ्या बायकांना चहाचं कौतुक कसलं सांगता? पोट सतत फुगतंय, दोन घासांत भरतंय, ओटीपोट दुखतंय, लघवीला वारंवार जावं लागतंय, तरी "गॅस झालाय" म्हणून त्या आणखी एक कप घेतात. लक्षणं नसताना हा कॅन्सर पकडणारी भरवशाची तपासणी नाही. म्हणून लक्षणंच ऐकायची.

तेव्हा फॉरवर्ड पुरे. नारायणगावला, मंचरला आईला फोन लावा, विचारा. दोन-तीन आठवडे असंच चालू असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. चहा नंतर पिऊ.