हेवी म्हणजे मोठा नव्हे!

परीक्षा जवळ आली की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन गोष्टींची मागणी एकदम वाढते. एक म्हणजे नोट्सच्या झेरॉक्स आणि दुसरी म्हणजे प्लेलिस्ट! "ए, रॉकमधलं काहीतरी दे ना. बास हेवी पाहिजे, पण डोकं शांत झालं पाहिजे." ही फर्माईश या सेमला माझ्याकडे इतक्या वेळा आली, की शेवटी मासिकातच लिहून टाकावं असं ठरवलं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मी मराठी विभागासाठी लिहितेय याचंच माझ्या रूम पार्टनरला जास्त हसू येतंय. असो.

ही फर्माईश पुरी करायचा सोपा मार्ग सगळ्यांना माहीत आहे. यूट्यूबवर 'बास बूस्टेड' असं शोधायचं, पहिलं येईल ते लावायचं, इक्वलायझरच्या डावीकडच्या दोन पट्ट्या थेट वर न्यायच्या आणि वूफर फरशीवर भिंतीला टेकवून ठेवायचा. मग स्टीलचं कपाट थरथरतं, खिडकीची काच वाजते आणि आपल्याला वाटतं, वा, काय बास आहे! माझं मत याच्या अगदी उलट आहे. हा हेवी बास नव्हे, हा नुसता मोठा आवाज. आणि मोठ्या आवाजाने डोकं शांत होत नाही, फक्त बधिर होतं. गाण्याचा आवाज अगदी कमी केला तरी जो बास मागे टिकून राहतो, तोच खरा हेवी बास.

गंमत म्हणजे आपल्याकडे यासाठी छान शब्द आहे - खर्ज. आपले गायक भल्या पहाटे खर्जाचा रियाज करतात, तो काही ओरडून करत नाहीत. एकेक खालचा सूर लावून धरायचा, सावकाश. माझे आजोबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. वाजवण्यापूर्वी डाव्या पुडीवर ओली कणीक थापायचे. लहानपणी मला ते स्वयंपाकघरातलं काम वाटायचं. फिजिक्स शिकल्यावर कळलं की ते वस्तुमान वाढवत होते. वस्तुमान वाढलं की कंपनसंख्या कमी होते, सूर खाली येतो. बास गिटारच्या तारा जाड असतात त्याचं कारण हेच. दुसरा उपाय म्हणजे ताण कमी करणं. ब्लॅक सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, तिथे १९६५ साली त्याच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. ताठ तारा दाबताना त्रास होऊ लागला म्हणून त्याने पुढे तारा सैल केल्या, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या अल्बममध्ये तो खाली उतरलेला जड आवाज सगळ्या जगाने ऐकला. म्हणजे बघा, ताण कमी केला की खर्ज मिळतो. पी.एल.मध्ये हे वाक्य भिंतीवर चिकटवायला हरकत नाही!

आता भिंतीचा विषय निघालाच आहे तर थोडं गणित करू. चार तारांच्या बास गिटारची सर्वात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर या सुराची एक लाट सव्वाआठ मीटरपेक्षा लांब होते. आपली खोली चार मीटर लांब धरा. अशा खोलीचा सर्वात खालचा रेझोनन्स येतो ४३ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे जवळजवळ त्याच सुरावर. शिवाय या रेझोनन्समध्ये आवाजाचा दाब खोलीच्या मधोमध सर्वात कमी असतो आणि दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी सर्वात जास्त. आपल्या कॉट कुठे असतात? भिंतीला लागून. आणि शेजारच्या खोलीतली कॉट? त्याच भिंतीच्या पलीकडे!

त्यातून भिंत सगळे सूर सारखे अडवत नाही. कंपनसंख्या दुप्पट झाली की साधारण ६ डेसिबल जास्त अडवते, हा ढोबळ नियम आहे. म्हणजे शब्द, गिटार, झांजा अलीकडेच राहतात आणि खालचं धप् धप् तेवढं पलीकडे जातं. गाणं तुम्हाला मिळतं आणि धक्के शेजारणीला. ती गेटची तयारी करत असते, किंवा तिचं डोकं दुखत असतं, किंवा दुसऱ्या दिवशी तिची ओरल असते. रात्रपाळी करून जिन्याखालच्या खोलीत दुपारी झोपणारे वॉचमन काका कधी तक्रार करत नाहीत, पण त्यांच्या छतावर आपली फरशी आहे. मेसच्या मावशी पहाटे उठून आपल्यासाठी पोहे करतात, त्यांनाही रात्रीची झोप लागतेच. आपल्याला शांत वाटावं म्हणून आपण जे लावतो त्याने भिंतीपलीकडच्या माणसाची शांतता जात असेल, तर त्या गाण्याला 'रिलॅक्सिंग' कसं म्हणायचं?

तुम्ही म्हणाल, बूस्ट म्हणजे एवढं काय वाईट आहे? सांगते. इक्वलायझरवर ६ डेसिबल वाढवले की अॅम्प्लिफायरला त्या पट्ट्यात चौपट पॉवर लागते. छोट्याशा स्पीकरमध्ये ती असते कुठे? मग लाटेची टोकं कापली जातात आणि घुमण्याऐवजी फाटकं भुर्र भुर्र ऐकू येतं. म्हणजे ज्या बाससाठी बटण दाबलं तोच बिघडला.

पण बूस्टची एक बाजू खरीही आहे, ती लपवणार नाही. आवाज कमी केला की आपल्या कानाला खालचे सूर वरच्या सुरांपेक्षा जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढले. जुन्या म्युझिक सिस्टिमवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते यासाठीच. तेव्हा हळू आवाजात ऐकताना खालची पट्टी थोडीशी वर केली तर तो गुन्हा नाही. मोठ्या आवाजावर आणखी बूस्ट, हा मात्र गुन्हा आहे.

हेडफोनवाल्यांनीही फार खूश होऊ नये. बास कमी वाटतो म्हणून आपण सगळाच आवाज वाढवतो. मग बासबरोबर गिटार आणि झांजाही वाढतात, आणि कान सर्वात नाजूक असतो तो त्याच वरच्या पट्ट्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबल झाला की फक्त ४ तास. आपण ४ तास तर एका रात्रीत संपवतो! खरं तर बऱ्याचदा इयरफोनचं रबर कानात नीट बसलेलं नसतं आणि खालचे सूर त्या फटीतून निघून जातात. आवाज वाढवण्याआधी बॉक्समधलं दुसऱ्या मापाचं रबर लावून बघा. फुकटचा बास मिळेल.

आता मूळ प्रश्न. गाणी शोधायची कशी? नावात 'बास' आहे म्हणून फसू नका. 'सेव्हन नेशन आर्मी' (२००३) हे गाणं बाससाठी सगळ्यांना आठवतं, पण त्या बँडमध्ये बास वाजवणारं कुणी नव्हतंच. तो गिटारचा आवाज पेडलने एक सप्तक खाली उतरवलेला आहे. मी तीन गोष्टी बघते. वाद्यांची गर्दी कमी हवी, म्हणजे खालच्या सुरांना जागा मिळते. बासला स्वतःची गुणगुणता येईल अशी चाल हवी, नुसते ठोके नकोत. आणि लयीला घाई नको. मग शेवटची परीक्षा - आवाज इतका कमी करायचा की पंखा त्याच्यापेक्षा मोठा वाटेल. तरीही बासची चाल मागे चालू असल्याचं कळलं तर गाणं पास, नाहीतर केटी.

या परीक्षेत पास झालेली माझी काही गाणी देते.

पहिलं, द डोअर्सचं 'रायडर्स ऑन द स्टॉर्म' (१९७१). या बँडमध्ये कायमचा बासवादक नव्हता. स्टेजवर रे मँझारेक डाव्या हाताने कीबोर्डवर बास वाजवायचा. या अल्बमसाठी मात्र त्यांनी जेरी शेफला बोलावलं. पावसाचा आवाज आणि खाली सारखा चालत राहणारा बास. जुलै महिन्यात सबमिशन लिहिताना लावून बघा.

दुसरं, ब्लॅक सबाथचं 'प्लॅनेट कॅरॅव्हॅन' (१९७०). ज्यांच्या नावाने आईवडील घाबरतात त्या बँडने इतकं हळुवार गाणं केलंय हे सांगूनही कुणाला पटत नाही. गीझर बटलरचा बास इथे अंगाई म्हणावी तसा चालतो.

तिसरं, पिंक फ्लॉइडचं 'हे यू' (१९७९). यात बास वाजवलाय गिटारवादक डेव्हिड गिल्मरने, तोही पडदे नसलेल्या बासवर. त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना तो चक्क मींड घेतो.

चौथं, मेटॅलिकाचं 'ओरायन' (१९८६). आठ मिनिटांचं, शब्द एकही नाही. सुरुवात आणि शेवट दणकट आहे, पण मधला सावकाश भाग क्लिफ बर्टनच्या बासचा आहे, माझी शिफारस त्या भागासाठी. त्याच वर्षी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात तो गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. दोन वर्षांनी आलेल्या 'अँड जस्टिस फॉर ऑल' या अल्बममध्ये बास इतका दाबलेला आहे की जवळजवळ ऐकूच येत नाही. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकले की बास गाण्यात नेमकं काय काम करतो ते आपोआप समजतं.

पाचवं गाणं नाही, अख्खा अल्बम - मॉर्फिन या बँडचा 'क्युअर फॉर पेन' (१९९३). मार्क सँडमन दोनच तारांचा बास वाजवायचा, सोबत बॅरिटोन सॅक्सोफोन आणि ड्रम. गिटार जवळजवळ नाहीच! रॉकला गिटारची गर्दी लागतेच असं म्हणणाऱ्यांनी हा जरूर ऐकावा.

आणि शेवटचं आपल्या मातीतलं. इंडियन ओशनचं 'मा रेवा', 'कंदिसा' (२०००) या अल्बममधलं. रेवा म्हणजे नर्मदा, आपल्या नंदुरबारच्या उत्तर टोकाला शिवून जाणारी. बासवर राहुल राम. हा माणूस आयआयटी कानपूरला शिकला, कॉर्नेलमधून पीएच.डी. झाला आणि नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता. त्याच्या बासमध्ये घाई नाही, वाहणं आहे.

यादीत नाही पण इंजिनिअरिंगवाल्यांनी लक्षात ठेवावं असं एक नाव म्हणजे क्वीनचा जॉन डीकन. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' (१९८०) त्यानेच लिहिलं. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण डीकन लंडनचा इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर होता हे कमी जणांना माहीत आहे. कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डपासून त्याने छोटा अॅम्प्लिफायर बनवला, आणि तो क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये वापरला गेला. त्या गाण्यातला बास ऐका. मोजके सूर आणि मध्ये सोडलेली जागा. पाय हलल्याशिवाय राहत नाहीत म्हणून ते झोपेच्या यादीत नाही, पण जड वाटायला आवाज लागत नाही याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

आता थोडं रेक्टर मॅडमशी. मॅडम, स्पीकर जप्त करून प्रश्न सुटणार नाही असं मला वाटतं. परीक्षेच्या दिवसांत अनेकींना गाण्याशिवाय झोप लागत नाही, आणि घरापासून लांब असताना तेवढाच आधार असतो. त्याऐवजी साधे नियम करूया. वूफर फरशीवर, कोपऱ्यात किंवा कपाटावर ठेवायचा नाही, टेबलावर घडी घातलेल्या गोधडीवर ठेवायचा. रात्री दहानंतर वूफर बंद, फक्त इयरफोन. आणि शेजारणीने भिंतीवर एकदा टकटक केलं की वाद न घालता आवाज कमी. हे नियम आपणच केले तर नोटीस बोर्डाला काम राहणार नाही.

आणि मैत्रिणींनो, पुढच्या वेळी हेवी बासचं गाणं मागायला याल तेव्हा आधी सांगा, तुम्हाला खिडकी हलवायची आहे की डोकं शांत करायचं आहे? खिडकी हलवायची असेल तर माझ्याकडे काही नाही. डोकं शांत करायचं असेल तर वरची यादी घ्या, आवाज अर्ध्यावर आणा आणि दिवा बंद करा. बाकीचं काम खर्ज करेल.