हरणाचा हंगाम संपला, आता जरा त्यांचं ऐकूया

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचून मगच कॉमेंट करा.

आपल्या विस्कॉन्सिनमधला बंदुकीचा नऊ दिवसांचा हरीण-हंगाम या रविवारी संपला. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नंतरच्या रविवारी संपतो, हे इथे राहून आता आपल्यालाही पाठ झालंय. आणि दरवर्षी या नऊ दिवसांत आपल्या मराठी ग्रुपवर काय होतं, तेही पाठ झालंय. कोणीतरी पिकअप ट्रकच्या मागे टाकलेल्या हरणाचा फोटो टाकतं. खाली रडके इमोजी. "काय रानटी माणसं आहेत", "बिचारं पाडस". (यंदाच्या फोटोतलं 'पाडस' म्हणजे आठ टोकांच्या शिंगांचा चांगला दांडगा नर होता.) आणि त्याच संध्याकाळी, त्याच ग्रुपवर, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे फोटो.

शाकाहारी माणसाने शिकारीवर टीका केली तर मी समजू शकतो. बाकीच्यांनी जरा थांबावं. माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या रानात आपण उन्हाळ्यात पोरांना घेऊन फिरतो, पानगळीचे फोटो काढतो, त्या रानाची खबरबात हीच माणसं ठेवतात आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटाही हीच उचलतात. आणि ही माणसं वर्षागणिक कमी होतायत. हा आता आपलाही प्रश्न आहे.

मी स्वतः शिकार करत नाही. मॅडिसनजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहे आणि माझ्या लाइनवरची निम्मी मंडळी या काळात रजेवर असतात. हंगामानंतरच्या सोमवारी ब्रेकरूममध्ये जे बोलणं चालतं, ते मी गेली कित्येक वर्षं कॉफीचा कप हातात धरून ऐकत आलोय. पहिला प्रश्न ठरलेला: "मग, मिळालं का तुला?" पुढचं बोलणं मात्र आपण समजतो तसं मर्दुमकीचं नसतं.

यंदाचंच सांगतो. आमचा वेल्डर चार दिवस पहाटे अंधारात झाडावरच्या मचाणावर जाऊन बसला आणि रिकाम्या हाताने परत आला. सांगत होता काय, तर खारी किती दिसल्या, ओकची फळं यंदा किती पडली, आणि बर्फ नसल्यामुळे माग कसा लागला नाही. फोर्कलिफ्ट चालवणारी बाई पहिल्याच सकाळी एक मादी मारून मोकळी झाली. तिचा फ्रीजर भरला, आता वसंतापर्यंत बीफ विकत आणायला नको. एकाने समोर आलेला तरणा नर सोडून दिला, "वाढू दे अजून दोन वर्षं" म्हणून. आणि एक निवृत्तीला आलेले काका बराच वेळ गप्पच होते. मग म्हणाले, "आमच्या कॅम्पात आठ बंक आहेत. यंदा तिघंच होतो." थोरला भाऊ गेला, एकाचे गुडघे गेले, पोरं ॲरिझोना आणि टेक्सासला.

आपल्याकडे आठवडे बाजारात दोन शेतकरी भेटले की आधी पाऊसपाण्याचं बोलतात, तसंच आहे हे. कुठल्या बाजूला माद्या जास्त दिसल्या, कुठलं हरीण अंगाने वाळलेलं वाटलं, कुठे लांडग्याचा माग दिसला. जंगलात दोन-चार दिवस गप्प बसून बघणारी इतकी माणसं दुसऱ्या कुठल्या खात्याकडे आहेत?

पूर्वी हे बोलणं आणखी उघड्यावर व्हायचं. 2014 पर्यंत प्रत्येक शिकाऱ्याला मारलेलं हरीण नोंदणी केंद्रावर घेऊन जावं लागायचं. केंद्र म्हणजे काय, तर गावातला पेट्रोल पंप, बार, नाहीतर किराणा दुकान. तिथे गर्दी जमायची, एकमेकांची हरणं बघितली जायची, काही ठिकाणी सरकारी माणूस दात बघून वय सांगायचा. 2015 पासून नोंदणी फोनवर किंवा ऑनलाइन झाली. हरीण हाती लागल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करायची. सोय झाली यात शंका नाही, पण गावाचा एक कट्टा गेला. उरला तो ब्रेकरूममधला.

आपल्याला हे सगळं परकं का वाटतं, त्यालाही कारण आहे. आपल्या डोक्यात शिकारीची दोनच चित्रं आहेत. एक राजेरजवाड्यांचं: कोल्हापूर संस्थानात तर काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. दुसरं चोरट्याचं: रात्री जीप, सर्चलाइट आणि मग पेपरात बातमी. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला आळा बसला आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची शिकारही बंद झाली. आपल्याकडे ते योग्यच होतं, काय उरलं होतं तेव्हा? पण प्लंबर, शाळेतली बाई, बसचा ड्रायव्हर असा साधा माणूस कायद्याने, मोजूनमापून, खाण्यासाठी शिकार करतो, हे तिसरं चित्र आपण पाहिलेलंच नाही.

ते चित्र असं आहे. 1 जानेवारी 1973 नंतर जन्मलेल्याला सुरक्षेचा कोर्स केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. अंगावर भडक नारंगी कपडे हवेत. 2016 पासून भडक गुलाबीही चालतात. किती नर, किती माद्या, कुठल्या काउंटीत, हे ठरलेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रानातल्या हरणाचं मांस विकायला बंदी आहे. खा, वाटा, दान करा, पण त्याचा धंदा नाही. 2000 पासून इथे हरीण दान करायचा कार्यक्रम आहे. शिकाऱ्याने हरीण ठरलेल्या खाटकाकडे द्यायचं, कापण्याचा खर्च कार्यक्रमाचा, आणि मांस गरजूंसाठीच्या अन्नपेढ्यांना.

"पण मारायचंच कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या गाडीच्या बंपरवर आहे. आपल्या ग्रुपमध्ये हरणाने गाडी ठोकली नाही असं घर शोधावं लागेल. या राज्यात वर्षाला पंधरा हजारांहून जास्त अशा अपघातांची नोंद होते. हरणं इथे पंधरा लाखांच्या वर आहेत. त्यांना खाणारे कौगर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपले. लांडग्यांच्या डोक्यावर सरकारच 1957 पर्यंत बक्षीस देत होतं, आणि 1960 च्या सुमारास तेही संपले. पुढे मिनेसोटातून परत आले, पण ते बहुतेक उत्तरेत. आपल्या दक्षिण भागात मका-सोयाबीनवर पोसलेल्या हरणांना आवर घालणारं गाडी आणि बंदूक सोडून फारसं कोणी नाही. हरणं वाढली की जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात आणि नवं झाडच उभं राहत नाही. ही गोष्ट याच राज्यात आल्डो लिओपोल्ड यांनी 1940 च्या दशकात ओरडून सांगितली. माद्याही मारल्या पाहिजेत म्हणाले, तर लोकांनी शिव्या घातल्या. मॅडिसनच्या विद्यापीठातला हा प्राध्यापक, निसर्गप्रेमींचा आज आदर्श असलेला माणूस, स्वतः शिकारी होता हे आपण सोयीने विसरतो.

त्यात आता रोग आलाय. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, सीडब्ल्यूडी. मेंदूचा रोग, हरीण झिजून झिजून मरतं, औषध नाही. 2002 मध्ये आपल्या डेन काउंटीतच, माउंट होरेबच्या परिसरात, राज्यात पहिल्यांदा सापडला. आज दक्षिण-पश्चिमेच्या काही भागांत तपासलेल्या मोठ्या नरांमध्ये तीनातल्या एकापेक्षा जास्त बाधित निघतात. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरीण खाऊ नये असा सल्ला आहे. तपासणी मोफत आहे. पण नमुने आणतो कोण? शिकारी. हरणाचं डोकं पिशवीत घालून, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवतात आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळं ठेवतात. शिकारी घटले तर रोग कुठवर पसरला हे कळणंही घटेल.

आता पैशाचं. 1937 मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. बंदुका, गोळ्या, धनुष्यबाण यांच्यावर 10 ते 11 टक्के केंद्रीय कर, आणि तो पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी. वाटणी ठरते ती राज्याचं क्षेत्रफळ आणि परवानेधारकांची संख्या बघून. म्हणजे शिकारी कमी झाले की राज्याचा दोन्हीकडून तोटा: परवान्याची फी कमी आणि केंद्राच्या पैशातला वाटाही कमी. त्यात स्थानिक माणसाचा बंदुकीचा परवाना अजूनही 24 डॉलरला. आपण चौघं एका संध्याकाळी जेवायला जातो त्यात असे तीन-चार परवाने येतील. हा कर आज भरणाऱ्यांत नुसती हौस म्हणून रेंजवर नेमबाजी करणारेही पुष्कळ आहेत, हे मान्य. पण ट्रेलवर चालणारा, पक्षी बघणारा, फोटो काढणारा त्या खात्यात काय टाकतो? पार्कचं स्टिकर आपण घेतो, पण तो पैसा पार्कांसाठी असतो.

2000 साली या राज्यात बंदुकीच्या हंगामाचे जवळपास सात लाख परवाने गेले होते. अलीकडे आकडा साडेपाच लाखांच्या आसपास आलाय. जुनी पिढी थकली, नवीन तेवढ्या संख्येने येत नाही. काकांच्या कॅम्पातले पाच रिकामे बंक म्हणजे हाच आकडा.

आता कोणी म्हणेल, तू तर त्यांची वकिलीच घेतलीस. तसं नाही. फेब्रुवारी 2021 मधली लांडग्यांची शिकार आठवा. राज्याच्या शिकाऱ्यांचा कोटा होता 119, आणि तीन दिवसही पूर्ण व्हायच्या आत 218 लांडगे मारले गेले. ती लाजिरवाणी गोष्ट होती. लांडगे दिसले की "आमची हरणं खाल्ली" म्हणणारे ब्रेकरूममध्येही आहेत आणि मी त्यांच्याशी वाद घालतो. रानात सावळ्या माणसाकडे बघायची नजरही सगळीकडे सारखी नाही. आपल्यासारखेच आशियातून आलेले मोंग लोक इथे पिढीजात कौशल्याने शिकार करतात. 2004 च्या हंगामात एका मचाणावरून सुरू झालेल्या वादात एका मोंग शिकाऱ्याच्या गोळ्यांनी सहा जण गेले, आणि त्यानंतर त्या सगळ्या समाजाने संशयाच्या नजरा सोसल्या. हे सगळं खरं आहे. पण नुसतं लांबून नाक मुरडून यातलं काय सुधारणार?

म्हणून चार साध्या गोष्टी सुचवतो.

एक, या आठवड्यात ऑफिसात, शेजारी, कोणाला तरी विचारा, "कसा गेला हंगाम?" आणि मग नुसतं ऐका. हवामानाच्या पलीकडचं बोलायला विषय नाही अशी आपली कायमची तक्रार असते ना? हा घ्या विषय. आणि कोणी समर सॉसेज पुढे केलं, तुम्ही मांस खात असाल आणि हरीण तपासलेलं असेल, तर खाऊन बघा.

दोन, दर एप्रिलमध्ये प्रत्येक काउंटीत मासे, वन्यजीव आणि रानाच्या प्रश्नांवर लोकांचा कौल घेतात. कॉन्झर्वेशन काँग्रेस 1934 पासूनची आहे आणि आता ऑनलाइनही मत देता येतं. शिकारीचा परवाना लागत नाही. हा कौल सल्ल्यापुरता असतो, तरी खातं तो बघतं. लांडगे वाचावेत असं वाटतं? तिथे सांगा. व्हॉट्सॲपवरचा इमोजी कोणी मोजत नाही.

तीन, खर्चाचा वाटा उचला. दुर्बिणीवर, तंबूवर, हायकिंगच्या बुटांवर थोडा कर लावून तो रानासाठी वापरावा, ही कल्पना इथे जुनी आहे आणि दरवेळी मागे पडते. आपल्या आमदाराला फोन करून "आम्ही द्यायला तयार आहोत" म्हणा. मला तरी ते पटतं. रान सगळ्यांचं, तर वर्गणीही सगळ्यांची. गणपतीची वर्गणी निम्म्या घरांनीच द्यायची आणि आरतीला मात्र सगळ्यांनी यायचं, हे आपल्या मंडळात चालेल का?

चार, पुढच्या वर्षी असा फोटो ग्रुपवर आला तर "बिचारं" लिहायच्या आधी त्या फोटोतल्या माणसाने त्या हरणासाठी काय भरलंय आणि आपण काय भरलंय, याचा एकदा हिशोब करा.

शिकार आवडायलाच हवी असं नाही. मलाही बंदूक हातात घ्यावीशी वाटत नाही. पण ही माणसं दमून घरी बसली, तर हरणं मोजणार कोण, आजारी हरणं शोधणार कोण आणि बिल भरणार कोण, याचं उत्तर आपल्यापैकी कोणाकडे असेल तर खाली जरूर लिहा. आणि हो, माजाचा काळ आता ओसरत आला असला तरी अंधार पडल्यावर गाडी बेताने चालवा. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं की मागून दुसरं येतंच.