रक्तदान करा, पण बेणे पारखून



गावोगावी रक्तदान शिबिरे होतात, ही चांगली गोष्ट आहे. पण चर्चा असते ती एकच : अमक्या गटात किती बाटल्या झाल्या? आम्हा शेती खात्याच्या मंडळींना हा हिशेब अपुरा वाटतो.

लावणीला काणीच्या बेटातले बेणे आपण घेतो का? कांडी दिसायला रसरशीत असली तरी घेत नाही. ती रोग घेऊनच रानात उतरते. रक्ताचेही तसेच आहे. मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत ठाण मांडतो. एरवी त्याला पसरायला डास लागतो. रक्ताच्या पिशवीतून जाताना डासाचीही गरज नाही. शीतकपाटातही तो कित्येक दिवस तग धरतो. अशी पिशवी एखाद्या बाळंतिणीला किंवा अपघातातल्या माणसाला चढली, तर जीव वाचवायला दिलेले रक्तच जिवावर उठायचे.

आपल्याकडे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ, सिफिलिस व मलेरिया यांसाठी तपासणी कायद्याने सक्तीची आहे. "मग आम्ही कशाला काळजी करायची?" असे कोणी म्हणेल. काचपट्टीवर थेंबभर रक्त असते, पिशवीत ३५० मिलिलिटर. जंतू थोडे असले तर त्या थेंबात सापडतीलच असे नाही. म्हणून पहिली चाळण म्हणजे दात्याचे खरे उत्तर. मलेरिया झालेल्याने पूर्ण बरे झाल्यावर ३ महिने रक्त द्यायचे नाही, असा नियम आहे. तिथे "आता ठणठणीत हाय की, घ्या!" हे चालायचे नाही. आकडा फुगवायला संयोजकांनीही डोळेझाक करू नये.

दुसरे असे, की हंगामात बीडसारख्या लांबच्या जिल्ह्यांतून तोडणी मजूर आपल्या फडात येतात. खोपीवर कोणाला थंडीताप आला तर नुसती गोळी देऊन फडात धाडू नका. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या, औषधाचा कोर्स पुरा करायला लावा. डास काही मालक-मजूर बघून चावत नाही.

आमची सूचना साधी आहे. शिबिराच्या अहवालात जमलेल्या पिशव्यांबरोबर, खरे सांगून परत गेलेल्या दात्यांचाही आकडा लिहावा. त्यांनाही तितक्याच मानाने चहा द्यावा. रक्त न देताही त्यांनी कोणाचा तरी जीव राखला आहे.

— ऊस विकास अधिकारी