वांगे आपले, मंडळ कुणाचे?

परकीय सहकार्याने चालणाऱ्या कृषिसंशोधनाची चर्चा आपल्याकडे पिकापासून सुरू होते आणि पिकापाशीच संपते. जनुकबदल केलेले वाण तारक की मारक, एवढ्यावर दोन तट पडतात. या गदारोळात एक साधा प्रश्न मागे राहतो. अशा प्रकल्पाच्या मंडळावर कोण बसते, सल्ला कोण देते आणि सिद्ध झालेल्या बियाण्यावर अधिकार कुणाचा राहतो? सारे काही ठरते ते याच प्रश्नाच्या उत्तरावर.

१८ जुलै २००५ रोजी वॉशिंग्टन येथे डॉ. मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांच्या संयुक्त निवेदनातून भारत-अमेरिका कृषी ज्ञान उपक्रमाची घोषणा झाली. हरितक्रांतीच्या वेळचे सहकार्य पुन्हा उभे करावयाचे, असा त्याचा गाजावाजा होता. प्रत्यक्षात उपक्रमाच्या मंडळाची रचना पाहिली तर अमेरिकी उद्योगांच्या बाजूने तेथे मोन्सॅन्टो, आर्चर डॅनियल्स मिडलँड आणि वॉलमार्ट या तीन कंपन्या विराजमान होत्या. पहिली बियाणे विकणारी, दुसरी धान्याचा जागतिक व्यापार करणारी, तिसरी किरकोळ दुकानांची साखळी चालविणारी. पेरणीपासून ताटापर्यंतचा सारा मार्ग तिघींनी मिळून व्यापला होता. देशातील कृषिसंशोधनाची दिशा ठरविण्याच्या कामी एखाद्या दुकानदाराचे शास्त्रीय योगदान काय असते, हे कुणी विचारले नाही.

हरितक्रांतीची आठवण काढणाऱ्यांनी ती पुरती काढावयास हवी होती. १९६० साली पंतनगरचे कृषी विद्यापीठ इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने उभे राहिले. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आले. त्या साहाय्यालाही राजकारणाचा वास होताच, पी. एल. ४८० च्या गव्हासाठी भारताला कसे ताटकळत ठेवले गेले, हे त्या पिढीने अनुभवले आहे. रासायनिक खतांनी जमिनीचे काय केले, तो हिशेबही वेगळा मांडावा लागेल. परंतु डॉ. नॉर्मन बोरलॉग यांच्या त्या गव्हावर कुणाचे पेटंट नव्हते. आपल्या शास्त्रज्ञांनी त्या सामग्रीतून कल्याण सोना आणि सोनालिका हे वाण निवडले, ते शेतकऱ्याच्या हाती गेले आणि त्याने त्याचे बी घरच्या कणगीत साठवून पुढल्या वर्षी पेरले. त्यासाठी त्याला कुणाची अनुमती घ्यावी लागली नाही. सहकार्य तेव्हाही होते. फरक पडला तो मालकीत.

हा फरक बीटी वांग्याच्या प्रकल्पात उघडा पडला. पैसा अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचा, नेतृत्व कॉर्नेल विद्यापीठाचे, जनुकाचे तंत्र मोन्सॅन्टोकडून जालन्याच्या महिकोकडे आलेले आणि त्या महिकोतही मोन्सॅन्टोचा २६ टक्के वाटा. सोबत धारवाड आणि कोइंबतूरची कृषी विद्यापीठे व वाराणसीची भाजीपाला संशोधन संस्था. मग भारताने काय दिले? वांगे दिले! धारवाडच्या विद्यापीठाने ज्या वाणांत हे जनुक घातले, त्यांत उडुपी, मलापूर, कुडची येथील देशी वाण होते आणि महाराष्ट्राच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या विकला जाणारा मांजरी गोटाही होता. शेकडो वर्षे निवडून, जपून ज्यांनी ही वांगी घडविली, त्या शेतकऱ्यांना प्रकल्पाच्या कोणत्याही समितीने बोलाविले नाही.

२००२ चा जैवविविधता कायदा नेमका अशाच प्रसंगासाठी होता. परकीय संस्थेला, अथवा परकीय भागभांडवल असलेल्या कंपनीला, येथील जैविक साधन वापरावयाचे तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वानुमती तेव्हा आवश्यक होती. मात्र त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात शासनमान्य सहकार्य संशोधन प्रकल्पांना सूट आहे. वादाचे मूळ येथे आहे. अनुमतीशिवाय देशी वाण वापरल्याच्या आरोपावरून प्राधिकरणाने २०११ मध्ये कारवाईचा निर्णय घेतला, तेव्हा सहकार्याचीच ढाल पुढे करण्यात आली. ‘सहकार्य’ हा शब्द इतका सोयीचा असेल, तर तो कुणासाठी राखून ठेवला आहे, हे सुज्ञ वाचकांस वेगळे सांगावयास नको. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्यातील तुरुंगवासाची तरतूदही काढून टाकली. उरला केवळ दंड.

सल्लागारांची कथा याहून न्यारी. १४ ऑक्टोबर २००९ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखविला. १९८९ च्या नियमांनुसार या समितीचे सहअध्यक्षपद जैवतंत्रज्ञान विभागाच्या वाट्याला येते. म्हणजे जो विभाग या संशोधनाला पैसा पुरवितो, त्याचाच माणूस परीक्षकाच्या आसनावर. वर सुरक्षिततेच्या चाचण्यांची माहितीही अर्जदार कंपनीनेच सादर केलेली. नागपूरसह सात शहरांतील जनसुनावण्यांनंतर ९ फेब्रुवारी २०१० रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी या वांग्याला स्थगिती दिली. मंत्री काँग्रेसचे होते म्हणून त्या निर्णयाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

त्यानंतर देशातील सहा विज्ञान अकादम्यांकडे अभिप्राय मागण्यात आला. सप्टेंबर २०१० मध्ये तो आला, तोही वांग्याला अनुकूल. परंतु त्यातील मजकुराचा काही भाग एका पत्रिकेतील लेखातून जसाच्या तसा उचललेला निघाला. ती पत्रिका जैवतंत्रज्ञान विभागाच्या आश्रयाखालची आणि लेखक बीटी वांग्याच्याच संशोधनात गुंतलेले शास्त्रज्ञ! अकादम्यांवर अहवाल सुधारून देण्याची वेळ आली. कुंपणच शेत खाते ही म्हण शेतकऱ्याला ठाऊक असते. येथे तर पिकानेच कुंपणाची शिफारस लिहून दिली होती.

यावर सांगितले जाते की, हा विरोध विज्ञानविरोधी आहे. फळ पोखरणाऱ्या अळीने वांगे उत्पादक खरोखरच हैराण आहे, फवारणीचा खर्च आणि त्यातील विष दोन्ही त्याच्याच माथी येतात, हे कोण नाकारतो? बांगलादेशाने २०१४ मध्ये हेच वांगे शेतकऱ्यांना दिले, हेही खरे. पण अळीची पीडा खरी आहे म्हणून अर्जदार, दाता आणि न्यायाधीश यांनी एकाच बाकावर बसावे, हे कोणत्या विज्ञानात बसते? बियाण्यांच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी समित्यांच्या शुद्धतेविषयी इतके उदार का असावे?

न्यायालयालाही हा दोष दिसला. २३ जुलै २०२४ रोजी जनुकबदल मोहरीच्या अनुमतीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, न्या. नागरत्ना यांनी अनुमती रद्द ठरविली, न्या. करोल यांनी ती उचलून धरली. परंतु राष्ट्रीय धोरण हवे आणि तज्ज्ञांनी आपले हितसंबंध उघड केले पाहिजेत, यावर दोघांचे एकमत झाले. त्याला अनुसरून नियमदुरुस्तीचा मसुदाही केंद्राने २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध केला. तज्ज्ञाने आपला संबंध सांगावा, संबंध असेल तर त्या विषयावरील बैठकीत बसू नये, इतपत ते ठीक आहे. मात्र जैवतंत्रज्ञान विभागाचा संबंध हा एका तज्ज्ञाचा खाजगी संबंध नव्हे, तो समितीच्या रचनेतच बसविलेला आहे. कोणतेही प्रकटन त्याला बैठकीबाहेर पाठवू शकत नाही. त्यासाठी १९८९ च्या नियमांतील सहअध्यक्षपदाची तरतूदच बदलावी लागेल. आणि ज्यांचा मांजरी गोटा प्रयोगशाळेत गेला, त्यांच्यासाठी त्या टेबलाभोवती एक खुर्ची मांडावी लागेल.