बँक देते ती मुदत घरानं का देऊ नये?

गेल्या महिन्यात आपल्या समाजाच्या बैठकीत एक विषय निघाला आणि आवाज चढल्यामुळे अर्धवट राहिला. तो इथे सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

विषय असा. पलसाण्याच्या आसपास हायवेला लागून ज्या सोसायट्या आहेत, तिथे आपली नंदुरबार-धुळ्याकडून आलेली बरीच कुटुंबं राहतात. कोणी मिलमध्ये, कोणी साखर कारखान्यात, कोणी स्वतःच्या छोट्या धंद्यात. अशाच एका घरची मुलगी. बी.एस्सी. नर्सिंग झाली, सुरतेत दोन वर्षं नोकरी केली. साखरपुडा झालाय. मुलगा डाइंग मिलमध्ये शिफ्ट सुपरवायझर, स्वभावानं चांगला. आता मुलीला पुण्यात एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळतोय. दोन वर्षांचा कोर्स. बैठकीत तीन उत्तरं आली. शिक्षण सोडा. लग्न उरकून घ्या, शिक्षणाचं मग बघू. नाहीतर सोयरीक मोडा.

माझं मत चौथं आहे. सोयरीक राहू द्या, शिक्षणही होऊ द्या, पण मुदत ठरवून.

मी काही मोठा विचारवंत नाही. साधा बी.कॉम., सारा जन्म बँकेत गेला. म्हणून मला समजतं त्या भाषेत सांगतो. २००१ पासून बँकांमध्ये शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली. त्यात एक फार शहाणपणाची गोष्ट आहे. मूल शिकत असेपर्यंत आणि त्यानंतर साधारण एक वर्ष बँक हप्ता मागत नाही. चार लाखांपर्यंत तारणसुद्धा मागत नव्हतो आम्ही. आई-वडील सहकर्जदार म्हणून सही करायचे, बस. म्हणजे ज्या बँकेला लोक कठोर म्हणतात, ती एका अनोळखी पोराला म्हणते, "बाबा, तू आधी शीक, मग आपण हिशोब करू." आणि आपण? आपल्याच घरात येणाऱ्या मुलीला दोन वर्षं द्यायला तयार नाही. ही कुठली रीत?

अजून एक कलम बऱ्याच लोकांना माहीत नसतं. विद्यार्थी विवाहित असेल तर नवरा किंवा बायको, एवढंच काय सासू-सासरेही सहकर्जदार होऊ शकतात. कागदावर सोय आहे. मनात नाही.

पण सवलत म्हणजे माफी नव्हे, हेही लक्षात ठेवा. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. शिकत असतानाच जो थोडं थोडं व्याज भरत राहतो, त्याला दरात एक टक्का सूट मिळू शकते, अशीही तरतूद त्या योजनेत होती. लांबच्या नात्याचं अगदी असंच असतं. व्याज रोज चढत असतं. ते वेळच्या वेळी भरलं तर शेवटी ओझं वाटत नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळं आजकालचं फॅड. मुळीच नाही. आनंदीबाई जोशींची गोष्ट आठवा, सिनेमाही आला त्यांच्यावर. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, नवरा पोस्टातला कारकून, तो मागे राहिला. जूनमध्ये अमेरिकेत पोचल्या. फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजात शिकल्या, ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. एक पत्र पोचायला महिन्याहून जास्त लागायचा. एखाद्या शब्दाचा राग आला तरी खुलासा मिळेपर्यंत ऋतू बदलायचा. गोपाळरावांनीच त्यांना शिकवलं, त्यांनीच पाठवलं, आणि तेच तिकडे टोचणारी पत्रंही लिहायचे. थंडीमुळे आणि तिथल्या रीतीमुळे आनंदीबाईंनी नऊवारी सोडून आपल्या या गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली, तर त्याचाही खुलासा नवऱ्याला पत्रातून द्यावा लागला. सांगायचा मुद्दा हा, की पाठवणारा माणूस मोठ्या मनाचा असला तरी मागे राहिल्यावर त्याच्याही मनात किडा वळवळतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तो किडा ओळखता आला पाहिजे.

दुसरं उदाहरण तर आपल्या पायाखालच्या जमिनीशी जोडलेलं आहे. हे पलसाणं पूर्वी बडोदा संस्थानात, नवसारी प्रांतात होतं. त्याच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला स्कॉलरशिप दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. करारही झाला, शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. मुलगा यशवंत तेव्हा काही महिन्यांचा होता. स्कॉलरशिपची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परत यावं लागलं. १९२० साली पुन्हा गेले आणि १९२३ पर्यंत शिकून पुरं केलं. एवढी वर्षं मुंबईत ओढाताणीचा संसार रमाबाईंनी सांभाळला. महाराजांच्या करारात रक्कम होती, मुदत होती, अट होती. रमाबाईंच्या वाट्याला जे आलं त्याचा करार कुठेच लिहिलेला नव्हता. १९३५ साली त्या गेल्या. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयीचा ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. म्हणजे त्या खात्यात किती जमा होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

माझा स्वतःचा अनुभव या थोरांपुढे काहीच नाही, पण सांगतो. १९७९ साली आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं. माझी बदली गुजरातमधल्या शाखेत, आणि हिला धुळ्याला बी.एड. करायचं होतं. आई म्हणाली, "नवी सून दारात नाही, लोक काय म्हणतील?" वडील फार बोलायचे नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "परीक्षा कधी संपते?" हिनं महिना सांगितला. ते म्हणाले, "मग त्या महिन्यापर्यंत कोणी काही बोलायचं नाही." बास. विषय संपला. मी महिन्यातून एकदा ताप्ती लाइनच्या गाडीनं नंदुरबार आणि तिथून एसटीनं धुळं गाठायचो. आठवड्याला एक अंतर्देशीय पत्र इकडून, एक तिकडून. हिच्या पगारावर पुढे आमच्या दोन्ही मुलांची शिक्षणं झाली, हे मी जाहीरपणे लिहितो.

यावरून माझी तीन मतं पक्की झाली आहेत.

पहिलं, तारीख ठरवा. "बघू", "होईल तेव्हा", "नंतर कधीतरी" या शब्दांनी नाती तुटतात, अंतरानं नाही. कोर्स अमुक महिन्यात संपेल, लग्न त्यानंतरच्या हंगामात, मग नोकरी कोणत्या गावी, हे दोन्ही घरांनी बसून बोलावं. फी कोण भरणार, कर्ज काढलं तर लग्नानंतर हप्ता कोण फेडणार, हेसुद्धा. पैशाचं आधी बोललं की नातं हलकं होत नाही, उलट घट्ट होतं.

दुसरं, रोज ऑडिट करू नका. पूर्वी पत्राला महिना लागायचा, आता व्हिडिओ कॉलला एक सेकंद. पण त्याचीच हजेरी झालीय. "कुठे आहेस? कोणाबरोबर आहेस? ऑनलाइन होतीस मग फोन का नाही उचलला?" मी इतकी वर्षं शाखा चालवल्या. ऑडिट वर्षातून ठरल्या वेळी होतं, बाकी दिवस माणसांवर विश्वास ठेवूनच काउंटर उघडावा लागतो. आठवड्यातून दोनदा निवांत बोला. रात्रपाळीहून आलेल्या मुलाला आणि वॉर्डमधून आलेल्या मुलीला झोपही लागते हो.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, मागे राहणाऱ्याचंही काही चालू असू द्या. या मुलाचा डिप्लोमा दोन विषयांसाठी अडकलाय. मी त्याला म्हटलं, ती पुण्यात असेपर्यंत तू ते दोन विषय काढ. दोघांच्या परीक्षा असल्या की एकमेकांची धावपळ कळते. एक शिकतोय आणि दुसरा नुसता दिवस मोजतोय, असं झालं की मोजणाऱ्याचा हिशोब हमखास चुकतो.

बैठकीत एक बुजुर्ग म्हणाले, "दोन वर्षांत पोरीचं मन फिरलं तर?" फिरू शकतं. मुलाचंही फिरू शकतं. अशी सोयरीक मोडलेली मीही पाहिली आहे, दोन्ही घरांना त्रास होतो, खोटं कशाला बोलू? पण जे मन दोन वर्षांत फिरणार आहे ते लग्नानंतर फिरण्यापेक्षा आधी फिरलेलं बरं. आणि दोन वर्षं टिकलं, तर त्या दोघांच्या हातात असं काही असेल जे पत्रिका जुळवून मिळत नाही.

प्रवेशाची फी भरायला थोडेच दिवस उरले आहेत. मुलाचे वडील माझे जुने स्नेही, ते हे वाचतीलच. आप्पा, तोंडावर बोललो तेच इथे लिहिलंय, राग धरू नका. मुलगी तुमच्याच घरी येणार आहे, शिकून येऊ द्या. पाहिजे तर सहकर्जदार म्हणून तुम्ही सही करा, फॉर्म मी भरून देतो.

आणि बाकी मंडळींना एक विनंती. शिकून जे मोठे झाले त्यांचे सत्कार आपण दरवर्षी करतो. त्यांच्यासाठी जे मागे थांबले, नवरा असो, बायको असो, त्यांनी आपली हकीकत खाली जरूर लिहावी. ते खातं आपल्याकडे अजून कोणी उघडलेलंच नाही.