डिग्रीचं वजन कुणाच्या काट्यावर?

मी मुंबईच्या गोदीत माल उचलतो. शिक्षण मॅट्रिक. तेव्हा विद्यापीठाची पदवी जोखणारा हा कोण टिकोजीराव, असं कुणी विचारील. विचारू द्या. धाकटी बहीण गावी, सातारा जिल्ह्यात. बारावी सायन्स झाली, नर्सिंगची सीईटी दिली. तिची फी माझ्या पाठीवरनं जाणार. ज्याच्या पाठीवरनं पोतं जातं, त्याला वजन विचारायचा हक्क आहे.

तिला घेऊन मी सांगली-मिरजेत कॉलेजं बघत हिंडलो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वॉनलेस या मिशनऱ्यानं तिथं इस्पितळ उघडलं, तेव्हापासून माणसं लांबलांबनं दुखणं घेऊन येतात. आता दुखण्यासोबत शिक्षणाचाही बाजार भरतो. एका कॉलेजात साहेबानं मार्क नंतर विचारले, आधी जात विचारली. मग म्हणाला, "स्कॉलरशिप उशिरा येते. आत्ता फी भरा, आली की परत देऊ." त्याच्या डोक्यावर भिंतीला सावित्रीबाईंचा फोटो. त्याला ताजा हार.

आता पुस्तकाचं बोलू. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ सालचं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं. २०२१-२२ पासून नव्या नियमानं आठ सेमिस्टर, शेवटच्यात वॉर्डात इंटर्नशिप. शरीररचना, औषधं, बाळंतपण, मनाचे आजार, वस्तीतलं आरोग्य, सगळं आहे. अभ्यासक्रम वाईट नाही, खोटं कशाला बोलू? आपल्या पोरींनी हे शिकलंच पाहिजे.

पण नर्स पुस्तकात तयार होत नाही, खाटेपाशी होते. म्हणून तर इंडियन नर्सिंग कौन्सिल कॉलेजाकडं स्वतःचं १०० खाटांचं इस्पितळ मागतं. खाटा भरलेल्या पाहिजेत, शिकवणाऱ्या बाया पुऱ्या पाहिजेत. बहिणीची एक मैत्रीण दुसऱ्या एका कॉलेजात शिकते. ती सांगत होती, "तपासणीच्या दिवशी वॉर्ड भरलेला असतो. दुसऱ्या दिवशी आम्ही आणि पुतळा." पुतळ्याच्या दंडात सुई मारून हात बसतो हो, पण पुतळा कण्हत नाही. त्याला ताप चढत नाही. त्याची बाई रात्री दोनला पदर तोंडाला लावून उभी राहात नाही.

माझी आजी सुईण होती. रात्री-अपरात्री वाड्यावरनं बोलावणं यायचं. नाळ तिनं कापायची, वार तिनं पुरायची, रक्ताची लुगडी तिनं धुवायची. मूल रडलं की घरात साखर वाटली जायची आणि आजीला भाकरी ओसरीखाली, वरनं टाकलेली. हातात विद्या होती, पण कागद नव्हता. हात विटाळाचे होते. १९४६ साली दिल्लीत आणि वेल्लोरला या कामाची पदवी निघाली. कामाला कागद मिळाला, मान मिळाला, आणि मग दारावर फीवाला बसला. ज्यांच्या आज्यांनी फुकटात हे काम केलं, त्यांच्या नातींनी आता आधी पैसे मोजायचे!

त्या फोटोतली बाई आमच्याच जिल्ह्यातली, नायगावची. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात गेली आणि १० मार्चला त्याच प्लेगनं मेली. तिनं पोराकडं आगाऊ रक्कम मागितली नव्हती.

मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती कुणाची भीक नाही. अनुसूचित जातीच्या घराचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर तो हक्क आहे. २०२०-२१ पासून त्यात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. सरकारचा पैसा उशिरा येतो तर कॉलेजानं सरकारच्या दारात बसावं. आमच्या पोरीच्या मानगुटीवर का?

बरं, डिग्री घेऊन पुढं काय? सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशावरनं केंद्रानं समिती नेमली. समिती म्हणाली, ५० खाटांच्या आतल्या खाजगी दवाखान्यातही नर्सला महिना २० हजारांच्या खाली पगार नको, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका द्या. सांगलीत एका छोट्या दवाखान्यातल्या सिस्टरला मी हे सांगितलं. ती हसली. म्हणाली, "दादा, हे आमच्या डॉक्टरला सांगा की." शिफारस कागदावर राहिली. कोविडात टाळ्या मात्र फुकट मिळाल्या.

आणि दोस्तांनो, आपलंही झाकून ठेवू नका. "नर्सबाईची रात्रपाळी, पोरीचं लग्न कसं जमायचं?" हे मी आपल्याच वस्तीत, निळ्या झेंड्याखाली ऐकलंय. रात्री गोदीत घाम गाळला तर मर्द, रात्री वॉर्डात जीव वाचवला तर बदनाम? हे मनूचंच पोतं आपण उचलतोय. फेका ते आधी.

म्हणून माझा निकाल: अभ्यासक्रम पास, दुकान नापास. कॉलेजात जाल तेव्हा विचारा. खाटा किती, त्यातल्या आज भरलेल्या किती? शिकवणाऱ्या किती? गेल्या वर्षीच्या पोरी कुठं आहेत, किती पगारावर? आणि आगाऊ फी मागितली तर म्हणा, लेखी द्या. एकटी पोरगी विचारील तर हाकलतील. वस्तीतली वीस पोरं सोबत उभी राहिली तर लिहून देतील.

त्या साहेबाकडं मी लेखी मागितलं. तो उठून आत गेला. आम्ही अर्धा तास बसलो, तो आला नाही. बहिणीनं फॉर्ममध्ये सरकारी कॉलेजं वर टाकलीत. यादी लागायचीय. तिचा नंबर लागो, न लागो, त्या ऑफिसात मी परत जाणार आहे. या वेळी एकटा नाही.