विजेचें शुद्धीकरण आणि संगीताची हौस

हौसेला मोल नसतें, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. परंतु हौसेच्या नांवावर जी वस्तु विकली जाते तिला मोल असतें, आणि तें कोणाच्या तरी कष्टाच्या मिळकतींतून मोजलें जातें. घरीं बसून उत्तम संगीत ऐकण्याच्या हौसेंत अशीच एक वस्तु शिरली आहे. भिंतींतून ध्वनियंत्राकडे जाणारी वीज वाटेंत 'शुद्ध' करून देणारी ही पेटी. हिला पॉवर कंडिशनर म्हणतात. तिची किंमत कांहीं हजारांपासून थेट लाखांच्या घरांत जाते. हा खर्च सार्थ आहे काय, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

घरांत येणारी वीज निर्दोष नसते, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. आपल्याकडे ती २३० व्होल्ट दाबाची व सेकंदास ५० आवर्तनांची असावी असा दंडक आहे. पण प्रत्यक्षांत दाब कमीजास्त होतो. शिवाय पंख्याचे रेग्युलेटर, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर हे सर्व तिच्यांत आपापला गोंगाट मिसळीत असतात. येथपर्यंत विक्रेत्यांचें म्हणणें खरें आहे. परंतु 'म्हणून संगीतहि मलिन होतें' हें जें पुढचें अनुमान, तेथेंच शंकेला जागा आहे.

कारण अँप्लिफायर भिंतींतील वीज जशीच्या तशी वापरीत नाहीं. त्याच्या पोटांतील ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब बदलतो, रेक्टिफायर उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहास एका दिशेस लावतो, आणि मोठे कपॅसिटर त्यांतील चढउतार सपाट करतात. म्हणजे शुद्धीकरणाचें काम यंत्राच्या कर्त्यानें आधींच करून ठेविलेलें असतें. ज्या घरांत पाणी गाळून पिण्याची सोय आहे, त्या घराच्या दारांत आणखी एक सोन्याची गाळणी टांगल्यानें पिणाऱ्याच्या पेल्यांत काय फरक पडणार? उलट, मोठ्या अँप्लिफायरला ऐन वेळीं लागणारा जोराचा प्रवाह कांहीं पेट्या अडवितात, आणि पदरचे पैसे खर्चून संगीत मात्र दबकें होतें.

यावर कोणी म्हणेल, "आम्हीं स्वतः कानांनीं फरक ऐकला आहे." त्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं आम्हांस संशय नाहीं. परंतु मन ज्याची अपेक्षा करतें तें कानास ऐकूं येतें, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि मोठी किंमत मोजली म्हणजे अपेक्षाहि मोठी होते. याची परीक्षा सोपी आहे. ऐकणाऱ्यानें पाठमोरें बसावें. दुसऱ्यानें नाणें उडवून, तो काय सांगेल त्याप्रमाणें पेटी कधीं जोडावी, कधीं काढावी. आवाजाची पातळी मात्र तीच ठेवावी. असें १० वेळां करावें. केवळ अंदाजानें ९ किंवा १० उत्तरें बरोबर येण्याचा योग शंभरांत सुमारें एकदांच येतो. ज्याला हें साधेल त्यानें पेटी खुशाल घ्यावी. ज्याला साधणार नाहीं त्यानें पैसे राखावे.

लाउडस्पीकरमधून सतत 'हूं' असा आवाज येऊं लागला म्हणजे पुष्कळ लोक या पेटीकडे धांवतात. परंतु हा दोष बहुधा विजेच्या अशुद्धतेचा नसतो. निरनिराळ्या जागीं जोडलेल्या दोन यंत्रांच्या अर्थिंगमध्यें जें वेटोळें तयार होतें, त्यांतून तो उद्भवतो. सर्व यंत्रें एकाच ठिकाणच्या प्लगवर घेतल्यास तो पुष्कळदां फुकटांत जातो. येथें एक गंभीर सूचना देणें आमचें कर्तव्य आहे. हा आवाज बंद करण्यासाठीं कित्येकजण प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. असें कदापि करूं नये. ती पिन संगीतासाठीं नसून जिवासाठीं आहे. यंत्रांत बिघाड होऊन त्याच्या धातूच्या पेटींत वीज उतरली, तर हात लावणाऱ्यास तीच वांचविते.

मग विजेवर कांहींच खर्च करूं नये काय? तसें नाहीं. अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें. दाब फारच चढतउतरत असेल तर साधा स्टॅबिलायझर घ्यावा. वळवाच्या पावसांत विजा कडाडूं लागल्या कीं प्लग काढून ठेवावा. यास एक पैहि लागत नाहीं. एखाद्या घरीं खरोखर विशेष दोष असेल, तर तो आधीं शोधावा आणि मग त्यावरचाच उपाय करावा. रोग न ओळखतां महागडें औषध घेणें हें शहाणपण नव्हे.

उरलेला पैसा कोठें घालावा? चांगल्या लाउडस्पीकरमध्यें, आणि खोलींतील प्रतिध्वनि शोषून घेणाऱ्या जाड पडद्यांत व सतरंजींत. तेथें फरक कोणासहि ऐकूं येतो. त्याहूनहि उत्तम म्हणजे पुण्यास १९५३ सालीं सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणीं जाऊन प्रत्यक्ष गायन ऐकावें. विद्यार्थिबंधूंनो, यंत्र विकत मिळतें, पण तयार कान विकत मिळत नाहीं. तो ऐकून ऐकूनच घडवावा लागतो. आणि ज्याचा कान तयार झाला, त्याला कोणत्या वस्तूला किती मोल द्यावें हें विक्रेत्यास विचारावें लागत नाहीं.